तक्रारवाल्या आपा

समोरच्याचं बोलणं आपांनी कधी मध्येच तोडलं नाही. चंद्रपुरात मोबाइल नुकते घरोघर पोचत होते तेव्हा एका कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात आम्ही दोघी शेजारी बसायचो. नवी सिमकार्डं माझ्याकडे, तक्रारी आपांकडे. नाव शाहीन, पण गाव त्यांना तक्रारवाल्या आपाच म्हणायचं. माणूस कितीही तापून आला तरी त्या हनुवटीखाली हात घेऊन ऐकत राहत. तो थकला की विचारत, "अजून काई राह्यलं का, भाऊ?" बहुतेकांचं काहीच राहिलेलं नसे.

एकदा मूल गावचे एक निवृत्त गुरुजी संतापून आले. त्यांना कोणी फोन केला की प्रेमाचं गाणं वाजायचं. त्यांनी ते मागितलं नव्हतं आणि व्याह्यांपुढे मान खाली गेली होती. आपांनी ते गाणं आधी पूर्ण ऐकलं, मग बंद करून दिलं. म्हणाल्या, "गाणं चांगलं आहे, गुरुजी. तुमच्या फोनवर शोभत नाई, एवढंच." गुरुजी हसत गेले. विचारल्याशिवाय कोणाच्या फोनवर काही चढवू नका, हे मात्र आपांनी केंद्राच्या साहेबांना तोंडावर सांगितलं. साहेबांना ते आवडलं नाही.

गाणं असो की नाटक, आपांचं मत ठाम असे. दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, दुपारी चौकात दंडारीचे, गाण्या-नकलांच्या लोकनाट्याचे, खेळ होतात. सुट्टी मिळाली की त्या मला घेऊन निघायच्या आणि बायकांत अगदी पुढे बसायच्या. परतल्यावर सायबर कॅफेत जाऊन, आपल्याकडून नागपूर-पुण्याला गेलेल्या लोकांनी नेटवर चालवलेल्या एका पानावर त्या खेळाबद्दल लिहायच्या, इंग्रजी अक्षरांत मराठी. नेटवर लोक पाहतात कमी अन् बोलतात जास्त, अशी त्यांची तक्रार होती. स्वतः न पाहिलेल्या खेळावर त्यांनी कधी एक ओळ लिहिली नाही.

राजू त्यांना असाच सापडला. सिंदेवाहीकडच्या एका दंडार मंडळात तो नकला करायचा. सिम हरवलं म्हणून आमच्याकडे आला तेव्हा आपांनी त्याला ओळखलं. त्याच्याबद्दल त्यांनी इतक्या आपुलकीने लिहिलं की नागपूरहून त्याला बोलावणी येऊ लागली. मग चंद्रपुरात आला की तो जेवणाच्या सुट्टीत हजर. आपांच्या डब्यातलं खायचा, नवी नकल करून दाखवायचा. इथी जरा थांब, लोकांना हसू दे, असं त्या सांगायच्या. हा माझा भाऊच आहे, असं आम्हाला म्हणायच्या.

एका मंडईला त्याने आम्हा दोघींना मुद्दाम बोलावलं. आपा नवी ओढणी घेऊन आल्या होत्या. राजू बाईच्या वेषात आला, हनुवटीखाली हात घेऊन बसला आणि म्हणाला, "अजून काई राह्यलं का, भाऊ?" चौक हसला. सगळ्यात मोठ्याने आपा हसल्या.

मग त्या बाईने परदेशात गेलेल्या नवऱ्याला फोन लावला. पडद्यामागून आवाज आला की हा क्रमांक अस्तित्वात नाही. बाई त्या आवाजाकडेच तक्रार नोंदवू लागली, की लग्न अस्तित्वात आहे तर नंबर कसा नाही? लोक लोटपोट झाले. मीही हसत आपांकडे वळले. त्या समोर बघत होत्या, पण चेहऱ्यावर काहीच उरलं नव्हतं.

परतीच्या एसटीत त्यांनी मला सांगितलं. नवरा आखातात गेला तो परतला नाही. नंबर बंद होऊन वर्षं झाली होती, तरी मन भरून आलं की त्या तो लावून पाहायच्या. "अम्मीलेबी नाई सांगितलं हे," त्या म्हणाल्या. "एकट्या राजूले सांगितलं होतं."

कोणीतरी ती नकल मोबाइलवर टिपून, आपा लिहायच्या त्याच पानावर चढवली. खाली लोकांनी लिहिलं, ही तर आपल्या चंद्रपूरची तक्रारवाली. मग पोरं काउंटरवर येऊन विचारू लागली, नंबर लागला का? आपा त्यांचंही शेवटपर्यंत ऐकून घेत. गिऱ्हाईक हसतात म्हणून साहेबांनी त्यांना आतल्या खोलीत बसवलं.

राजू पेढे घेऊन आला. त्या नकलेवर त्याला नागपुरात मोठं काम मिळालं होतं. लोकांना फार आवडलं, आणि नाव तर कुठे घेतलं नाही, असं तो म्हणाला. आपांनी पेढा घेतला नाही.

"नकल चांगली केली तू. पन मी नकल्याले नाई सांगितलं होतं, राजू. भावाले सांगितलं होतं."

त्याने मान खाली घातली आणि तेवढा भाग गाळतो म्हणाला.

"आता गाळून काय करतो? आता ते सगळ्यायचं झालं."

त्या हिवाळ्यातच आपा नोकरी सोडून सिरोंच्याला बहिणीकडे गेल्या, तिच्या शिवणाच्या दुकानात. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या पानावर त्यांचं मत पुन्हा कधी आलं नाही. राजूचं नाव पुढे मोठं झालं. त्याचे खेळ मी पाहत नाही. दुसऱ्या कोणाचा पाहायला बसले आणि सगळे हसू लागले, की माझी नजर बायकांच्या रांगांतून फिरते आणि कोण हसत नाही ते बघून येते.