आमच्या हॉलमधली सूडाची मालिका

गेल्या हिवाळ्यात मी आणि माझी बायको रोज संध्याकाळी ताटं घेऊन सोफ्यावर बसायचो आणि एक कोरियन मालिका बघायचो. सूडाची. एका श्रीमंत घराण्यानं नायिकेच्या वडिलांचा मृत्यू दडपलेला असतो. ती नाव बदलून त्याच घरात सून म्हणून शिरते आणि एकेकाला गाठते. इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, डिसेंबरात ऑफिसातून निघायच्या आतच अंधार पडतो. मुलगी ॲन आर्बरला शिकायला गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्या तासाभरात बायको माझ्याशी बोलायची, एरवी नाही. म्हणून ती मालिका संपू नये असं मला वाटायचं.

ती का बोलत नव्हती ते आधी सांगतो.

माझी सासुरवाडी सांगलीची. त्यांच्या घरात एक पद्धत आहे. लेकीला वाईट बातमी थेट कळवायची नाही. आधी जावयाला सांगायची. मग त्यानं वेळ बघून, जवळ बसवून, बेताबेतानं तिला सांगायची. सासूबाईंच्या किडन्या निकामी व्हायला लागल्या तेव्हा मेव्हण्याचा फोन मला आला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो.

"दाजी, आईचं काय खरं दिसत नाही. ताईला लगेच पाठवा. तुम्हीच सांगा तिला, मला नाही जमायचं."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. म्हणजे "आईंना जरा बरं नाहीये, ट्रीटमेंट चालू आहे," एवढंच सांगितलं. आमच्या ग्रीन कार्डची फाइल तेव्हा शेवटच्या टप्प्यावर होती. पासपोर्टवरचे व्हिसे केव्हाच संपले होते. ती गेली असती तर परत येताना मुंबईत नवा शिक्का घ्यावा लागला असता, आणि त्याची अपॉइंटमेंट कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. मी वकिलाला विचारलं. तो म्हणाला, बंदी काही नाही, टाळता आलं तर बरं. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "वकील नको म्हणतोय."

मेव्हणा तिच्याशीही बोलायचा. पण खरं सांगायचं काम दाजींचं, आणि दाजींनी ते केलं असणार, असं तो धरून चालला होता. म्हणून तिच्याशी बोलताना "आहे तशीच आहे गं" म्हणायचा. मला मात्र वेगळा फोन यायचा. "ताई निघाली का?" मी म्हणायचो, "तिकिटाचं बघतोय." एकदा नाही, पुन्हा पुन्हा म्हणालो.

सासूबाई गेल्या. बायकोनं आईचा अंत्यविधी फोनवर पाहिला, तोही मधेमधे अडकत. पुढे काही महिन्यांनी कार्डं आली. लिफाफा मी फोडला, आणि खरं सांगतो, मला आनंद झाला.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा तिला कळलं. ती पोळ्या लाटत होती, फोन ओट्यावर स्पीकरवर होता आणि मी शेजारी डिशवॉशर रिकामा करत होतो. गुरुजी कोण, पानं किती, असं चाललं होतं. मेव्हणा बोलता बोलता म्हणाला, "मी तर दाजींना आधीच म्हटलं होतं गं, ताईला पाठवा म्हणून. शेवटपर्यंत आईची नजर दाराकडंच होती. पण तुमचं तिकडचं काय असंल ते असंल."

तिनं पिठाच्या बोटानंच स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. हातातली पोळी लाटून पूर्ण केली. त्याबद्दल मला एक शब्दही बोलली नाही, त्या दिवशीही आणि नंतरही. मी भांडणाची वाट बघत राहिलो. भांडण झालं असतं तर मला बोलायला जागा मिळाली असती.

त्यानंतरच्या सोमवारी ती म्हणाली, "ऑफिसातल्या सगळ्याजणी ही कोरियन सिरियल बघतायत. बघायची का?"

मी इतक्या घाईनं "हो" म्हणालो की मलाच लाज वाटली.

तिला डबिंग आवडत नाही. खाली इंग्रजी अक्षरं धावायची. मी चष्मा शोधेपर्यंत दोन वाक्यं निघून जायची आणि मग तीच मला सांगायची. "अरे, ही त्याची बहीण नाही, सावत्र आई आहे. लक्ष कुठेय तुझं?" मला ते "लक्ष कुठेय तुझं" हवं असायचं. कधीकधी कळलेलं असूनही मी विचारायचो.

त्या मालिकेत माफी मागताना माणसं उठसूट गुडघ्यांवर बसायची. ऑफिसात, पावसात, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये. बायको वरणभात कालवत म्हणायची, "बघ, आता हा बसणार खाली. बसला! यांच्या पँटी कोण धुतं रे?" मी हसायचो. तीही थोडी हसायची. तेवढ्यावर माझी रात्र निघायची.

त्या घरात एक धाकटा दीर होता. सभ्य, हळू बोलणारा, कुणाकडे जाताना फळांची पेटी नेणारा. तो मृत्यू दडपणारा तोच होता, हे बऱ्याच उशिरा उघड होतं. नायिका त्याला समोरासमोर विचारते, तेव्हा तो म्हणतो, "मी हे घरासाठी केलं. सगळ्यांच्या भविष्यासाठी."

बायकोनं रिमोट उचलून चित्र थांबवलं. पडद्यावर त्याचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. मला वाटलं, आता. ती म्हणाली, "ताक हवंय का तुला?" आणि उठून गेली. ताक आणलं, जिरेपूड घालून. आणि मालिका पुढे चालू केली.

शेवटच्या भागात त्या दिराचं सगळं जातं. घर, पद, मुलगा. तो गुडघ्यांवर बसून रडतो आणि नायिका त्याच्या बाजूनं निघून जाते. नावं वर सरकायला लागली. मी ताट खाली ठेवलं.

"मला तुला काही सांगायचंय. आईंच्या वेळी..."

"माहितेय मला."

"माहितेय, पण मला एकदा नीट..."

"नको." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तू सांगशील, रडशील, मग तुला हलकं वाटेल. ते मला नकोय. तुझं तुझ्यापाशी ठेव." मग ताटं उचलता उचलता म्हणाली, "मी सांगलीला जातेय. तिकीट काढलंय. भाऊ म्हणाला आईची खोली तशीच आहे."

"किती दिवस?"

"बघू."

आणि मी काय म्हणालो, तर, "फार लांबवू नकोस हं. वर्षाच्या आत परत यावं लागतं. सहा महिन्यांच्या वर गेलं तरी एअरपोर्टवर प्रश्न विचारतात. कार्डाचा प्रॉब्लेम होतो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात. आवाज करणाऱ्या एखाद्या जुन्या फ्रिजकडे बघावं तसं ती बघत होती.

"हो," ती म्हणाली. "कार्ड पर्समध्येच आहे."

मी तिला एअरपोर्टवर सोडलं. बर्फ पडून गेलं होतं आणि रस्त्याच्या कडांना काळं झालेलं पडलं होतं. बॅगा तिनं स्वतः उतरवल्या. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला म्हणून मी गाडी पुढे घेतली.

मुलीला आईनं सगळं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते.

"बाबा, डिड यू आस्क हर टू स्टे?"

"अगं, तिनं ठरवलंच होतं. तिकीट काढून झालं होतं."

"दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड."

मी "नाही" म्हणालो. राहा असं म्हणणं मला सुचलंसुद्धा नव्हतं. ती लॅबमध्ये जायचंय म्हणाली.

बायकोचे मेसेज येतात. पोचले. हीटिंगचा फिल्टर बदल. दुधाची तारीख बघ. मीही उत्तरं देतो, बदलला, बघितली. परत कधी येणार, हे मात्र मी विचारत नाही. विचारलं तर मी कार्डाचंच विचारतोय असं तिला वाटेल. आणि तसं नाही, हे तिला कसं पटवायचं ते मला माहीत नाही. मला स्वतःलासुद्धा ते नीटसं पटत नाही.