बुटक्या डोंगरावरच्या माश्या

तीस वर्षांपूर्वी मी प्रबंधासाठी विषय मांडला होता: डोंगराच्या उंचीप्रमाणे फळमाश्यांच्या जाती बदलतात का? मार्गदर्शकांनी कागद परत केला. म्हणाले, "उंची बघायची तर हिमालयात जा. गडचिरोलीच्या टेकड्यांत काय ठेवलंय?" यंदा निवृत्त झाले आणि माश्या पकडायच्या तीन बाटल्या पिशवीत भरून निघाले. मुलगा म्हणाला, आई, गुडघा बघ. बघितला, आणि पट्टा बांधला.

चंद्रपूरहून मूल, सावली ही गावं करत एसटीने गडचिरोली. बायकांना अर्धं तिकीट. कंडक्टरने बाटल्यांत काय म्हणून विचारलं. कुजकी केळी म्हटल्यावर शेजारची बाई मागच्या सीटवर गेली. मला मात्र तो वास शाळेचा वाटतो. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर खिडकीत असंच केळं ठेवायच्या आणि आम्ही मुली भिंगासाठी भांडायचो.

पुढे धानोऱ्यापर्यंत बस, मग जीप. धानोऱ्यानंतर हॉटेल नाही. पाणी, खाणं सोबत घ्या. डोंगराच्या पायथ्याच्या गावात सोमारीबाई नावाच्या एका बाईंकडे उतरले. तेंदूपानं तोडायला त्या रोज डोंगर चढतात, म्हणून वाट दाखवायला त्याच आल्या. एक बाटली पायथ्याशी टांगली, एक मध्यावर. माथ्यावर पोचेस्तोवर केळी संपली. सोमारीबाई पानं तोडत होत्या. मी समोरच्या झाडाचा पाडाचा आंबा तोडला, चिरला आणि तिसऱ्या बाटलीत घातला.

खाली आल्यावर भात आणि लाखोळीची डाळ जेवताना मी ही युक्ती कौतुकाने सांगितली. सोमारीबाईंचा घास हातातच राहिला.

"बाई, आंबा काऊन तोडला? आमचा पंडुम व्हायचा हाय."

नवा आंबा आधी देवाला द्यायचा, तो सण म्हणजे पंडुम. त्याआधी गावात कोणी आंबा तोडत नाही.

"पण माश्या तर खातातच ना," मी म्हटलं.

"माश्या खातेत, खाऊ द्या. त्यायले कोन सांगन? तुमाले तर सांगता येते ना."

चूक माझीच होती. शिवाय दोन बाटल्यांत केळं आणि तिसरीत आंबा, म्हणजे तुलनाही खोटीच. शास्त्र शिकवण्यात जन्म गेला आणि हे मला जेवताना कळावं! बाटली आणायला सोमारीबाई एकट्या निघाल्या होत्या. मी ऐकलं नाही. दोन बाटल्यांतलं थोडंथोडं केळं काढून घेतलं आणि भर उन्हात पुन्हा माथा गाठला. आंबा काढून झाडाखाली ठेवला, बाटलीत केळं घातलं. सोमारीबाई झाडाशी गोंडीत काहीतरी पुटपुटल्या. माझी बाजू मांडली असावी.

दुसऱ्या दिवशी बाटल्या उतरवल्या. भिंगाखाली पायथ्याशी पाच तऱ्हेच्या माश्या दिसल्या, मध्यावर चार, माथ्यावर फक्त दोन. पण त्या दोनांतली एक, पंखाच्या टोकावर काळा ठिपका असलेली, खालच्या दोन्ही बाटल्यांत नव्हती. मी तीनदा पाहिलं. सोमारीबाईंनीही पाहिलं. म्हणाल्या, "हे वरचीच हाय."

आता घरी आहे. तीन बाटल्यांनी काही सिद्ध होत नाही, हे मला कोणी सांगायला नको. पण तो बुटका डोंगर आपल्या माश्या निवडून ठेवतो, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गुडघा सुजलाय. पंडुम झाला की तिन्ही बाटल्यांत आंबा घालायला सोमारीबाईंनी बोलावलंय. मुलाला मी विचारलेलं नाही. तारीख सांगितली आहे.