दोन नंबरचा माणूस

लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले, त्या पहिल्याच आठवड्यात सासऱ्यांनी माझ्या हातातला तांदळाचा डबा घेतला आणि वरच्या दोन मुठी परत पिशवीत टाकल्या.

"काठोकाठ भरू नको गो. अडकतं."

मला वाटलं, झाकणाबद्दल बोलताहेत. पण पाण्याची बाटली असो की मुलीचं दप्तर, भरलेलं काही दिसलं की ते थोडं रिकामं करायचेच. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, असेल एखादी शिस्त, म्हणून मी कधी विचारलं नाही.

एका दुपारी टीव्हीवर फौजेत आलेली नवी मशीनगन दाखवत होते. घरात आम्ही दोघंच होतो. ते म्हणाले, "बंद कर." मग आपणहून बोलायला लागले.

त्यांच्या तरुणपणी एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, दोन माणसं असायची. एक नंबर गन चालवणार, दोन नंबर शेजारी पालथा पडून मॅगझिन बदलत राहणार. सासरे दोन नंबर. मॅगझिनमध्ये तीस गोळ्या मावायच्या, पण स्प्रिंग दबून राहू नये म्हणून अठ्ठावीसच भरायच्या, असं उस्तादांनी पहिल्या दिवशीच शिकवलेलं.

"लढाईत त्या दिवशी मी तीस भरल्या," ते म्हणाले. "भीती वाटत होती. वाटलं, दोन जास्त तर दोन जास्त."

गन मध्येच थांबली. गोळी पुढे सरकेना. एक नंबर ओरडला, "मॅगझिन दे! अरे, मॅगझिन!" सासरे दुसरं मॅगझिन चाचपडत राहिले. काय झालं बघायला त्याने मान वर केली, आणि तेवढ्यात त्याला गोळी लागली.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. सासूबाई गेल्या, त्यांनाही नाही. एक नंबरची बायको मुलीकडे अँटॉप हिलला राहते, हे त्यांना एका जुन्या सोबत्याकडून कळलं होतं. तिचा फोन नंबर कित्येक वर्षं खिशातल्या डायरीत होता.

मी म्हटलं, "बाबा, एकदा भेटून या. मन मोकळं होईल." ते नको नको म्हणत राहिले. शेवटी मीच फोन लावला.

सरकारी वसाहतीतलं दोन खोल्यांचं घर. त्या बाईंनी आमच्यासाठी कांदेपोहे केले होते. भिंतीवरच्या फोटोतला नवरा आता त्यांच्या नातवाच्या वयाचा दिसत होता. त्या हसून म्हणाल्या, "देवाचं नाव घेत गेले म्हणे. तेवढ्यावर मी दिवस काढले, भावोजी."

मला वाटलं, आता बाबांनी गप्प बसावं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पण इतकी वर्षं अडलेलं ते, सगळंच बाहेर आलं.

बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "गन थांबली नसती, तर?"

"माहीत नाही, वहिनी. रोज स्वतःला विचारतो."

त्या उठल्या, बशा उचलल्या. बाबांची बशी अजून अर्धी भरलेली होती, तीही घेतली. आत नळ खूप वेळ चालू राहिला. मग दारात येऊन शांतपणे म्हणाल्या, "परत येऊ नका, भावोजी. रागाने नाही सांगत."

परतताना टॅक्सीत बाबांना माझ्या खांद्यावर झोप लागली. त्यानंतर ते बदलले. मुलीशी पत्ते खेळायला लागले. दोन वर्षांनी गेले तेव्हा चेहरा शांत होता.

त्या भेटीनंतर आठवड्याभरात बाईंचा मला फोन आला होता. बाबांना मी ते सांगितलं नाही.

"ते मॅगझिन म्हणजे नेमकं कसं असतं?" त्यांनी विचारलं. "दिवसभर ती हाक ऐकू येते गं. पण काय मागताहेत, ते डोळ्यांपुढे येत नाही."

बाबांकडून ऐकलं होतं तेवढं सांगितलं. लोखंडी, किंचित वाकडी डबी. गनवर वरून बसते.

"जड असते का?"

"भरलेली असली की असेल."

तेव्हापासून मी त्यांच्याकडे महिन्यातून एकदा जाते. घरी कुणाला सांगत नाही. त्या चहा करतात, नातवाच्या नोकरीचं बोलतात, आणि मग बोलता बोलता थांबून दाराकडे बघतात. मीही बघते. दारात कुणी नसतं. त्या हळूच विचारतात, "तुला आलं का ऐकू?"

मागच्या महिन्यात मी हो म्हणाले.