शकूचा लाल नाडा

“कपाट उघड, नितेश.”

“ताई, पूजा झालीय! आता उद्यापर्यंत हात नाय लावायचा. तुमच्या हमरापुरात खंडेनवमीला ब्रश चालवता काय?”

“माझा लाल नाडा कुठं हाय?”

“तो मळका? ठमाबाईनं झाडून टाकला. लोंबती वायर मी नीट खोचली. साहेबांना फोटो पाठवायचा होता.”

लहानपणी हमरापुरात बापाच्या मूर्तींच्या कारखान्यात ती गणपतीचे डोळे रेखायची, श्वास रोखून, एका दमात. तोच हात घेऊन ती रोह्याच्या या केमिकल कंपनीत आली आणि नेटवर्कच्या वायरी सांभाळू लागली. अठरा वर्षं झाली. हात कधी हलला नाही.

कपाटात एकावर एक रचलेले स्विच, निरोप पुढं धाडणारे डबे. तसेच दुसरे टाकी-यार्डात. दोघांच्या मधे दोन वायरी, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. यार्डातल्या वायूचे आकडे आणि गळतीचा अलार्म त्यांवरूनच ये-जा करायचे. दोन्ही एकदम जोडल्या तर निरोप गोल फिरत राहतो, एकाचे हजार होतात, खरा निरोप त्यात गुदमरतो. ते अडवायची सोय स्विचमध्येच असते. पण वीज जाऊन आली की त्या सोयीपायी अर्धं मिनिट थांबावं लागायचं, म्हणून गेल्या महिन्यात नितेशनं ती बंद केली. तेव्हा शकूनं एक वायर उपसून तिला लाल नाडा बांधला होता. हिला हात लावू नये म्हणून.

“तुला सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं होतं, पण बिघडलं काय? तो बघा पडदा. यार्डात वायू शून्य. अलार्म नाय, काय नाय.”

शकूनं पडदा पाहिला. शून्य. कोपऱ्यात आकडा आल्याची वेळ, अकरा दहा. भिंतीवरचं घड्याळ बारा वाजायला पंचवीस मिनिटं कमी दाखवत होतं.

“वायर कधी खोचलीस?”

“अकरा वाजून दहाएक मिनिटं झाली असतील. का?”

तिनं कपाटाचं दार ओढलं. झेंडूचा हार तुटून फुलं लादीवर सांडली.

“ताई, अपशकुन!”

आतले सगळे दिवे एका ठेक्यात, वेड लागल्यासारखे लुकलुकत होते. तिनं वायर उपसली. दिवे सावकाश झाले, वेगवेगळे झाले. दोघं पडद्याकडं बघत राहिले. वेळ हलली नाही; यार्डातला स्विच गुदमरून बंदच पडला असणार. अकरा दहा. शून्य.

“यार्डात फोन लाव.”

नितेशनं टेबलावरचा फोन उचलला. तोही त्याच वायरींवरचा. “मुका हाय. तुमच्या सखादादांच्या मोबाईलवर लावू?”

“मोबाईल गेटवर जमा करून आत सोडतात. विसरलास?”

सखा, तिचा नवरा, सकाळच्या शिफ्टला यार्डात होता. अजून अकरा माणसं. अलार्म वाजला तर पळायचं, हे त्यांना पाठ होतं. नाही वाजला तर नाही पळायचं, हेही.

नितेशनं पुन्हा पडद्याकडं पाहिलं. त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

“मग आत्ता तिकडं वायू किती हाय, ताई?”

शकूनं खुंटीवरचा मास्क काढला. दुसराही काढला. आणि फुलं तुडवत ती दाराबाहेर पडली.