खरपीचा चौथा वाटा

"कवडू, तू कॉलेजात करतं तरी काय गा?" असं गावात कोणी विचारलं की कवडू पारिसे छाती काढून सांगायचा, "मासोया सांभाळतो." मग ऐकणारा पोट धरधरून हसायचा. जिती मासोळी कोणी सांभाळत नाही, आणि मेलेलीला सांभाळायला माणूस पगारी ठेवतात म्हणे! त्यात कवडूचं गाव सावरडोह. केळझरहून दोन कोस आत, नदीच्या वळणावर तीस घरं, आणि तीसही घरं भोयांची. मासोळी पकडायची, विकायची, उरली तर रांधायची, एवढंच त्यांना ठाऊक. तिला बाटलीत भरून वर डोळ्यांत झोंबणारं औषध ओतायचं, हे त्यांच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलं नव्हतं.

एकाहत्तर साली कवडू वर्ध्याच्या एका कॉलेजात, प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागला. तिथले प्राध्यापक अण्णाजी पावडे. देवळीच्या कास्तकाराचं पोर, पण डोक्यात शेत नाही, बैल नाही, फक्त खरपी. खरपी म्हणजे बोटाएवढी मासोळी, नदीच्या तळाला दगडाशी बसणारी. तिच्या पोटाखालचे दोन पर एकमेकांना जुळून वाटीसारखे झालेले असतात. त्या वाटीनं ती दगड धरून ठेवते, मग पाणी किती का ओढेना. बाजारात तिला कुत्रं विचारत नाही. पण पावडे सरांनी मनाशी घेतलं होतं, की जिल्ह्यात खरपीच्या जाती किती आणि कोणती जात कोणत्या पाण्यात राहते, हे एकदा कागदावर आणायचं. माणसाला वेड लागलं की लागलं, त्याला काय करता?

या वेडात कवडू ओढला गेला. सुटीच्या दिवशी दोघं एसटीनं निघायचे. सर काठावर वही घेऊन उभे, आणि कवडू कमरेएवढ्या पाण्यात दगड उलथून जाळं लावतोय. एका डोहाची मासोळी एका बाटलीत, आणि बाटलीच्या आत जाड कागदाची चिठ्ठी, पेन्सिलीनं लिहिलेली: गाव, तारीख, पाणी किती खोल. "चिठ्ठी आतच टाकजो," सर दर वेळी बजावायचे. "बाहेर चिकटवली तर झुरळं खाऊन टाकतात." कवडू चौथीपर्यंत शिकलेला. तो चिठ्ठी वाचायचा, आत टाकायचा, आणि सर तेच वहीत उतरवून घेतात हेही बघायचा. अशी बारा वर्षं गेली आणि दोनशेच्या वर बाटल्या झाल्या.

या बारा वर्षांत दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून. सरांच्या यादीत खरपीच्या जाती तीन. कवडू म्हणायचा, चार.

"सर, आमच्या डोहातली थे बारकी येगळी हाये."

"अबे, ती तिसरीची पिल्लं आहेत."

"पिल्लं कशी जी? पोटात अंडी हाये तिच्या! पिल्लू कधी पोटुशी राह्यते काय?"

सर हसून वही मिटायचे. पण एकदा, एकोणऐंशी सालच्या हिवाळ्यात, त्यांनी कवडूसमोर एकीचं पोट चिरून भिंगाखाली धरलं. अंडी होती. सरांनी भिंग पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाले, "कवडू, तुझं खरं निघालं तर एक गोष्ट होईल. नवी जात सापडली की ती पहिल्यांदा कुठं सापडली, ते गाव छापावं लागतं. उद्या जगात कोणीही या मासोळीवर लिहिलं, तर त्याला सावरडोहचं नाव घ्यावंच लागेल."

हे ऐकून कवडू सैरभैर झाला. कारण त्याच वर्षी नदीवर धरणाची मोजणी सुरू झाली होती आणि सावरडोह पाण्याखाली जाणार हे ठरलं होतं.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात गाव उठलं. तीस घरांना सडकेच्या कडेला मुरमाड जागा मिळाली, रांगेत आखलेली. फाट्यावर पाटी लागली: पुनर्वसन क्रमांक दोन. गावाचं नाव कोणी विचारलं नाही, लिहिलंही नाही. कंडक्टर ओरडायचा, "दोन नंबरवाले उतरा!" आणि म्हातारेकोतारे मुकाट उतरायचे. कवडूची माय भागीरथाबाई चाळीस वर्षं बाजारात मासोळी विकलेली, तोंडाची तिखट. ती पहिल्यांदा भांडली, "आमी काय गुरं हाओ, नंबर द्याले?" मग तीही भांडेनाशी झाली. सडकेवर ना नदी, ना डोह. ती दारात बसून राहायची.

"माय, तू घोर नको करू," कवडूनं तिला सांगितलं. "आपल्या गावाचं नाव पुस्तकात छापून येनार हाये. सर बोलले."

"कायच्यापायी?"

"खरपीपायी."

म्हातारी कितीतरी दिवसांनी हसली. "खरपीपायी! जिले आपुन फेकून देत होतो तिच्यापायी? मंग लवकर छाप म्हना. मी हाओ तोवर."

डिसेंबरात कलकत्त्याहून एक मोठे साहेब यायचे ठरले. मासोळ्यांतले अख्ख्या देशात जाणते. त्यांनी मान डोलावली की झालं. पण साहेब यायच्या आठ दिवस आधी पावडे सरांच्या बायकोला ऑपरेशनसाठी नागपूरला न्यावं लागलं. घाईत निघताना सर म्हणाले, "कवडू, बाटल्या नीट लावून ठेवजो. साहेबांना एका नजरेत समजलं पाहिजे."

बस, एवढंच. या एका वाक्यानं घात केला.

कवडूनं कपाटं उघडली आणि दोनशे बाटल्यांकडे बघून त्याला लाजच वाटली. एकाच बाटलीत दोन-दोन, तीन-तीन जाती खिचडी झालेल्या. साहेबांना एका नजरेत काय समजणार, कप्पाळ? त्याची माय बाजारात बसायची तेव्हा टोपली तशीच ओतत नव्हती. आधी निवडायची. मरळ एकीकडे, झिंगे एकीकडे, वाम एकीकडे. वाटे लागले की गिऱ्हाईक लांबून बघूनच समजतं. कोणती मासोळी कोणत्या डोहातली, हे बाजारात कधी कोणी विचारलं आहे? भोयाच्या घरात पोर चालायला लागलं की वाटे लावायला शिकतं. कवडूचे हातही तेच शिकलेले.

त्यानं पांढरे ट्रे मांडले आणि तीन दिवस खपला. डोळे चुरचुरत होते, बोटांची सालं निघत होती. एकेक खरपी उताणी करून तिच्या पोटाखालची वाटी बघायची, शेपटीचा ठिपका बघायचा आणि तिच्या वाट्याला टाकायची. पहिला वाटा, दुसरा, तिसरा. आणि चौथा, त्याच्या बारकीचा. फक्त सत्तेचाळीस निघाल्या. त्या त्यानं सगळ्यात सुंदर बरणीत ठेवल्या आणि बरणी मधोमध मांडली. चिठ्ठ्या मात्र त्यानं फेकल्या नाहीत हं. लिहिलेला कागद कसा फेकायचा? सगळ्या धुतल्या, सुकवल्या आणि एका वेगळ्या बाटलीत भरून ठेवल्या. शेवटी सगळं सरांच्या वहीत आहेच की, असं त्याला वाटलं. त्या दिवशी घरी गेल्यावर तो लीलाबाईला, बायकोला, म्हणाला, "आज काम केलं बाप्पा! सर खूश होतीन."

सर साहेबांना घेऊनच थेट स्टेशनवरून आले. दारातच त्यांचे पाय थांबले. कपाटात दोनशे बाटल्यांच्या जागी चार बरण्या होत्या.

साहेबांना काही माहीत नव्हतं. ते सरळ चौथ्या बरणीशी गेले. एक खरपी चिमट्यानं उचलली, भिंगाखाली ठेवली, दुसरी ठेवली, तिसरी. मग मान वर करून म्हणाले, "ये ढेर किसने अलग किया?"

"मैने, साब," कवडू म्हणाला.

साहेब उठले आणि त्यांनी कवडूचा हात हातात घेतला. "बीस साल से ये काम कर रहा हूँ. ऐसी नज़र नहीं देखी. ये नई है. कहाँ की है?"

कवडूच्या आयुष्यात एवढा आनंदाचा क्षण कधी आला नव्हता, आणि तो चहा निवायच्या आत संपला.

"सावरडोह की, साब. हमारे गाँव की."

साहेबांनी सरांकडे बघितलं. सरांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी वही उघडली. वहीत सावरडोहच्या सगळ्या तारखा होत्या, पण बारकी कुठंच नव्हती. आधी पिल्लं म्हणून, आणि अंडी दिसल्यावरही पक्कं ठरेपर्यंत म्हणून, ती तिसरीतच मोजलेली होती, बारा वर्षं. सरांनी कवडूला विचारलं, "चिठ्ठ्या कुठं आहेत?" कवडूनं ती बाटली पुढे केली. दोनशेच्या वर चिठ्ठ्या, धुऊन पुसून, एकावर एक. सरांनी ती बाटली उजेडात धरून बघितली आणि टेबलावर ठेवली.

तेव्हा कवडूला कळलं. कोणी समजावून सांगावं लागलं नाही. मासोळीला जात त्यानं दिली होती आणि तिचं गाव त्यानंच काढून घेतलं होतं.

साहेब भला माणूस होता. त्यांनी कवडूला समोर बसवलं आणि सावकाश विचारलं, "सोच के बोलो. सैंतालीस की सैंतालीस तुम्हारे ही गाँव की हैं?"

हौ म्हणायचं होतं फक्त. एक शब्द. सर त्याच्याकडे बघत होते, आणि त्या नजरेत काय होतं ते कवडूला पुरतं कळत होतं. म्हण बाबा, हौ म्हण! पण कवडूच्या डोळ्यांसमोर ते तीन दिवस होते. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्याच कोणत्या तरी बाटलीतून तशाच चार-पाच निघाल्या होत्या. तेव्हा त्याला नवलही वाटलं होतं. ती बाटली देवळीकडची होती, की तळेगावकडची? काही केल्या आठवेना. खोट्या वजनानं विकायचं नाही, ही मायची शिकवण त्याच्या हाडात बसलेली.

"नही साब," तो म्हणाला. "चार-पाच दुसरी जगह की है. कौनसी, वो ध्यान में नही."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. म्हणाले, नवी जात जाहीर करायची तर पक्कं ठिकाण लागतं. पुन्हा जा, पकडून आणा, चिठ्ठीसकट आणा. मी थांबतो.

पकडून आणा! डोहावर तेव्हा चाळीस फूट पाणी उभं होतं. तरी कवडू गेला. दोन हिवाळे गेला, दर रविवारी. जलाशयात डोंगा घातला, खोल जाळी सोडली. जाळ्यात यायचे ते बाहेरून आणून सोडलेले रोहू आणि कतला, चांगले गलेलठ्ठ. खरपीला वाहतं पाणी लागतं, दगड लागतो. तिथे आता पाणी वाहत नव्हतं आणि दगडांवर गाळ बसला होता. वर, खाली, जिथे जिथे नाला वाहता होता तिथे तो उतरला. पहिली मिळाली, दुसरी मिळाली, तिसरी ढीगभर मिळाली. चौथी एकही नाही. त्या चार-पाच कुठल्या होत्या, हे आठवलं असतं तर तिथे तरी गेला असता. देवळीकडे शोधलं, तळेगावकडे शोधलं. डोक्यावर हात मारून मारून आठवायचा. लीलाबाई म्हणायची, "आता जाऊ द्या ना, जीव घेता काय सोताचा?" तो जेवायचा नाही.

सरांनी त्याला एका शब्दानं दुखावलं नाही, आणि तेच कवडूला सोसवेना. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. सरांनी खरपीवर लिहायला घेतलेला प्रबंध गुंडाळून ठेवला. ते तासाला जायचे, तास झाला की घरी जायचे. कपाटाकडे वळून बघायचे नाहीत.

पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यात भागीरथाबाई गेली. जायच्या आधी दोन दिवस तिनं विचारलं होतं, "छापलं काय रे?" कवडू मान खाली घालून तिचे पाय दाबत राहिला. ग्रामसेवकानं मृत्यूच्या दाखल्यावर गावाच्या रकान्यात लिहिलं: दोन नंबर.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात कलकत्त्याहून पाकीट आलं. साहेबांनी जपून ठेवायला म्हणून एक चिठ्ठी टाइप करून पाठवली होती, चौथ्या बरणीसाठी. सरांनी ती कवडूच्या हातात दिली. वर इंग्रजीत होतं, खाली साहेबांनी कोणाकडून तरी मराठीत लिहवून घेतलं होतं. कवडूनं बोट ठेवत वाचलं.

"सर, स्थळ, अज्ञात. अज्ञात म्हंजे?"

"म्हणजे कोणालाच माहीत नाही असं."

"पन मले माहीत हाये ना, सर."

सर खिडकीशी गेले. खिडकीची कडी उगाच काढली, परत लावली.

कवडूनं बरणीचं झाकण उघडलं. चिठ्ठी आतच टाकायची, बाहेर नाही, हे त्याला आता पक्कं ठाऊक होतं. कागद हळूहळू बुडत त्या सत्तेचाळीस खरपींच्या मधे जाऊन बसला. त्यानं झाकण घट्ट लावलं आणि बरणी कपाटात ठेवली, तिच्या जागी. शेजारीच ती चिठ्ठ्यांची बाटली होती. काचेतून सगळ्यात वरची चिठ्ठी दिसत होती, पेन्सिलीनं, सरांच्या अक्षरात: सावरडोह. कवडूनं कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली खुंटीला अडकवली.