आहुप्याची मुक्कामी गाडी

मंचरच्या स्टँडवर आहुप्याची मुक्कामी गाडी (रात्री गावात राहून सकाळी परतणारी) लागली, तेव्हा ती भंगारात निघालीय असंच मला वाटलं. पत्रा सुटलेला, एका खिडकीला काचेऐवजी पुठ्ठा. मी देवराई बघायला निघालो होतो. जीव मुठीत धरून बसावं लागेल हे कोणी सांगितलं नव्हतं.

शेजारी कोंडिबा आणि त्यांची बायको बायजाबाई. कोंडिबांच्या दोन्ही किडन्या गेलेल्या. दर दोन-तीन दिवसांनी मंचरच्या दवाखान्यात मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं आणि याच गाडीने परतायचं. "गाडी हाय म्हनून मी हाय," ते म्हणाले. मी कुठे उतरणार ते कळल्यावर बायजाबाईंनी ठरवूनच टाकलं, "आमच्याकडंच या, पावणं."

डिंभ्याचं धरण मागे पडलं आणि चढाला गाडी कण्हायला लागली. आहुप्यात ड्रायव्हरने ती उतारावर, तोंड खाली करून लावली आणि चाकाखाली दगड सरकवला.

"सेल्फ मारत न्हाई, पावणं. सकाळी दगड काढायचा, गावानं धक्का द्यायचा, की लागती."

"अहो, मग दुरुस्त करा ना!"

"सामान कुठंय? डेपोत एक बदली गाडी व्हती. तिचंच एकेक काढून बाकीच्यांना लावत्यात. हिचा डिझेलचा पंपबी तिचाच."

पुढचे दोन दिवस मी देवराईत भटकलो. भर दुपारी तिथे अंधारल्यासारखं होतं आणि पायाखालचा पाचोळा ओला लागतो. बायजाबाईंच्या हातची नाचणीची भाकरी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी मी आडवा हात मारून खाल्ली. कोंडिबा मात्र पाण्याचा घोट तोंडात घोळवून मग गिळायचे. त्यांना जास्त पाणी प्यायची मनाई.

तिसऱ्या दिवशी त्यांचा नंबर. सकाळी पाय टम्म सुजलेले, बोलताना धाप. त्यांना खिडकीशी बसवलं. बाया, म्हातारे, सगळेच गाडीला खांदा द्यायला आले होते; इथे तो रोजचाच रिवाज. दगड काढला, गाडी सुटली, घुर्रकन धूर ओकला आणि उतार संपला तिथे मोरीजवळ गप्प झाली. ती पुन्हा वर ढकलणं कोणाच्या बापाला जमणार नव्हतं.

ड्रायव्हरने बराच वेळ बॉनेटमध्ये डोकं घातलं. मग टेकाडावर चढून डेपोत फोन लावला आणि खाली मान घालून परतला. "पंप कामातून गेला."

"मग ती बदली गाडी बोलवा की!" मी खेकसलो.

"कशी येनार, राव? तिचा पंप हिच्यात हाय. ती डेपोत ठोकळ्यांवर उभी हाय."

मी तोंडाला येईल ते बोललो. ड्रायव्हरने ऐकून घेतलं. कोंडिबा खिडकीतून खाली सोडलेल्या हाताने पत्रा धरून बसले होते.

दुपारी हिरड्याची पोती न्यायला एक पिकअप आली. पोत्यांच्या बेचक्यात कोंडिबांना टेकवलं. खड्डा आला की बायजाबाई त्यांचं डोकं छातीशी धरायच्या. मंचरला हायवेवर कांद्याच्या ट्रकांची ही रांग! दवाखान्यात पोचलो तोवर मशीन दुसऱ्याला लागलं होतं.

"उद्या सकाळी पहिल्यांदा यांनाच घेते," सिस्टर म्हणाली. "रात्री धाप वाढली तर मात्र थांबू नका, पुण्याला हलवा."

"कशात हलवू?" बायजाबाईंनी विचारलं. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. मी पैसे काढायला लागलो, तर बायजाबाईंनी माझा हात धरला. "न्हाई, पावणं. उद्याचं उद्या."

संध्याकाळी आम्ही स्टँडवर आलो. आहुपे मुक्कामी रद्द, असं भोंग्यावरून दोनदा सांगितलं. बायजाबाईंनी बाकड्यावर पदर अंथरून नवऱ्याला आडवं केलं.

"बघा की," त्या म्हणाल्या, "गाडी आमच्याच दारात उभी हाय, आन् आमाला घरी जायाला गाडी न्हाई."

चीड तर सकाळीच संपली होती. देवराईचे फोटो घरी कोणाला दाखवायचे, आणि काय म्हणून?

पुण्याची गाडी लागली. मी "येतो" म्हणालो. कोंडिबांचे ओठ हलले, पण "या" म्हणण्याइतका श्वास त्यांच्याकडे नव्हता.