दिसला तेवढाच तेजोमेघ

मी फटकळ आहे, असं मला इतक्या जणांनी सांगितलंय की आता वाद घालत नाही. पण माघातल्या त्या अवसेच्या संध्याकाळी चार शिकल्यासवरलेल्या पुरुषांना मी तोंडावर "ही चित्रं खोटी आहेत" म्हणाले, तेव्हा फटकळपणा नव्हता. तेव्हा माझं बरोबर होतं. आज इतक्या वर्षांनीही कोणी तो विषय काढला तर मी माफीबिफी मागणार नाही, उलट पुन्हा तेच म्हणेन.

मी तेव्हा बडोद्यात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. महाराजांनी शिक्षण सक्तीचं केलं होतं, त्यामुळे मुली येत होत्या, काही रडत, काही पाटी आपटत. माझे मिस्टर डभोईला वहिवाटदाराच्या, म्हणजे मामलेदाराच्या, कचेरीत होते आणि रविवारच्या गाडीनं यायचे. एरवी मी रावपुऱ्यात दादाकडे राहायची. दादा, माझा थोरला भाऊ, हुजूर कचेरीत कारकून. दिवसभर फायली आणि अंधार पडला की आकाश, एवढंच त्याचं जग. त्यानंच मला मंडळात नेलं.

मंडळ म्हणजे मोठं काही नाही. निजामपुऱ्याच्या अंगाला तेव्हा नुसती शेतं होती आणि त्यांच्या कडेला एका निवृत्त जजसाहेबांचा बंगला होता. त्यांनी विलायतेहून तीन इंची पितळी दुर्बीण आणलेली, ती गच्चीवर मांडलेली असे. जजसाहेब, कॉलेजात गणित शिकवणारे प्रोफेसर, एक पारशी स्टेशनमास्तर आणि दादा असे चार सभासद. पाचवी मी. बाई म्हणून नव्हे, पेन्सिल चालते म्हणून मला घेतलं होतं, आणि हे मला पहिल्याच दिवशी ऐकवण्यात आलं होतं.

बैठक दर अवसेला, दिवेलागणीनंतर. यावरून डभोईहून सासूबाईंचा निरोप यायचा की अवसेला बाईमाणसानं उंबरा ओलांडू नये. मी उलट निरोप धाडला, "चंद्र असला की फिकट ते दिसत नाही, म्हणून चंद्र नसताना जातो." त्यांना ती थट्टा वाटली. महिनाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही महिनाभर सुखात होते.

जजसाहेबांनी मंडळाला कोर्टाचा नियम लावला होता. साक्षीदारानं साक्षीदाराशी बोलायचं नाही. एकेकानं गच्चीवर जायचं, पाहायचं, खाली व्हरांड्यात आपापल्या कोपऱ्यात बसून काढायचं. सगळ्यांचं झालं की डोळ्यांची अंधाराची सवय मोडू नये म्हणून कंदिलावर खारव्याचं लाल फडकं टाकून, मधोमध गाठियांची परात ठेवून, प्रत्येकानं आपला अनुभव वाचायचा. कोणाला कृत्तिका मोजताना सातवी सापडलेली असे, कोणाला देवयानीतला धुरकट डाग मिळाल्याचा आनंद. स्टेशनमास्तर प्रत्येक वाचनाला "वाह वाह" म्हणत, स्वतःच्यासुद्धा. मला ती मंडळी फार आवडायची. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून कोणाला वाटेल की माझं त्यांच्याशी वैर होतं.

जजसाहेब एक गोष्ट सांगायचे: फिकट वस्तू पाहायची तर तिच्याकडे थेट बघू नये, नजर जराशी बाजूला ठेवावी, मग ती कडेनं उमटते. पुरुषांना हे जमता जमत नसे. ते डोळे फाडून सरळ बघायचे आणि "काही नाही" म्हणत उठायचे. मला पहिल्याच झटक्यात जमलं. यात माझी हुशारी काडीचीही नाही. मान खाली घालून, समोर न बघता, घरात कोण आलं, कोण रागावलं, कोणाच्या ताटात काय संपलं हे कडेच्या नजरेनं टिपायचं शिक्षण आम्हाला परकर नेसायच्या वयापासून मिळतं. सासरच्या धाकानं मला निदान एवढं तरी दिलं.

त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. प्रोफेसरांनी मुंबईहून एक इंग्रजी पुस्तक मागवलं. त्यात मृगातल्या तेजोमेघाचं पानभर छायाचित्र होतं, पंख पसरल्यासारखं, घड्याघड्यांचं, डोळे दिपतील असं. आणि महाराज विलायतेहून परतणार असल्याची बातमी आली. मंडळानं ठरवलं की सभासदांच्या चित्रांचं एक पुस्तक बांधून सरकारांना नजराणा म्हणून द्यायचं आणि गावासाठी मोठी दुर्बीण मागायची. काळ्या कागदावर पांढऱ्या रंगात चित्रांच्या सुबक नकला करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

माघातली अवस, शिवरात्रीचा दुसरा दिवस. आठच्या सुमाराला मृग दक्षिणेला छान वर आला होता. त्याच्या पोटातल्या बाणाखाली तीन फिकट ताऱ्यांची ओळ लोंबते, तिच्या मधल्या ताऱ्यावर दुर्बीण लावली होती. माझी पाळी आली. आधी चार बारीक तारे दिसले, अगदी दाटीवाटीनं. त्यांच्याभोवती करडा उजेड, आरशावर फुंकर मारल्यावर वाफ धरते तसा. त्यात खालून शिरलेली काळोखाची एक पाचर. नजर बाजूला नेली, थांबले. मग पाचरेच्या खाली आणखी एक लहानसा, वेगळा डाग उमटला, मधोमध एक तारा असलेला. सरळ पाहिलं की जायचा, नजर सरकवली की यायचा. मी श्वास रोखून पाच वेळा खात्री केली आणि खाली येऊन दिसलं तेवढंच काढलं. पंख नाहीत, घड्या नाहीत. तेवढ्यानंच माझा ऊर भरून आला होता.

व्हरांड्यातल्या टेबलावर पाच कागद शेजारी शेजारी मांडले. चार कागदांवर हुबेहूब एकसारखे पंख. आणि तो लहान डाग चारही चित्रांत वर.

प्रोफेसर माझा कागद बघून हसले. "बाई, तुमचं उलटं झालंय. हा डाग वर असतो."

"कुठे वर असतो?"

"पुस्तकात," ते म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांचंच तोंड जरा उघडं राहिलं.

मी म्हटलं, "दिवसा याच नळीतून आपण पाहुण्यांना देवळाचा कळस दाखवता. तो कसा दिसतो?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं. कळस खाली, पायऱ्या वर. पाहुण्यांची लहान मुलं तेवढ्यासाठी हट्ट करून यायची. पुस्तकातलं छायाचित्र मात्र सुलटं करून छापलेलं होतं.

"मग वर जे आहे ते नळीत खाली दिसायला हवं. तुम्हा चौघांनाच ते वर कसं दिसलं?"

"पकडाई गया, बावा!" स्टेशनमास्तर मांडीवर थाप मारून हसले. दादानं मात्र मान खाली घातली. त्याचे कान लाल झालेले मला कंदिलाशिवायही दिसले असते.

प्रोफेसर हार मानणारे नव्हते. त्यांनी चारही कागद उचलून उलटे फिरवून ठेवले. "घ्या. झालं बरोबर. एवढंसं तर आहे."

आता माझा ताबा सुटला. "कागद फिरवून पाहिलेलं होत नाही. ही चित्रं खोटी आहेत. तुम्ही कोणी हे पाहिलेलंच नाही, पुस्तकावरून उतरवलंय. नियम कोणाचा? साक्षीदारानं साक्षीदाराशी बोलायचं नाही. मग पुस्तकाशी बोललेलं चालतं?"

"आणि तुमच्या या पांढुरक्या डागावर सरकार मोठी दुर्बीण देतील?" प्रोफेसरांचा आवाज चढला. "तुमचं चित्र वगळायचं. बाकीच्यांच्या नकला करा, बस्स."

"नकला दुसऱ्या कोणाकडून करून घ्या. मी यांना हात लावणार नाही. आणि माझं चित्र जाईल तर जसं आहे तसंच जाईल."

दादानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला. या लोकांनी उद्यापासून येऊ नका म्हटलं असतं, तर संपलं होतं. त्यांच्यापैकी कोणाला घालवलं असतं तर त्याला दुसरी दुर्बीण मिळाली असती, दुसरं मंडळ मिळालं असतं. माझ्यासारखीला बडोद्यात दुसरी गच्ची कुठली मिळणार? तो करडा उजेड मला पुन्हा कधी दिसला नसता. एवढं सगळं कळत होतं, आणि तरी माझ्या तोंडून माघार निघेना.

सगळे जजसाहेबांकडे बघू लागले.

"पोरी," ते म्हणाले, "तो खालचा डाग तू खरंच पाहिलास?"

"पाहिला."

"किती वेळा?"

"पाच."

"पुस्तक आत कपाटात ठेवा," ते म्हणाले. "सगळ्यांनी पुन्हा वर जा. पुन्हा पाहा, पुन्हा काढा. मीसुद्धा."

पुन्हा एकेक जण गेला. दादाच्या कागदावर चार तारे आणि थोडा धूर आला. स्टेशनमास्तरांनी तीन तारे काढले आणि चौथ्याबद्दल "मने तो कंई देखातुं नथी" असं कबूल करून मोकळे झाले. प्रोफेसर बराच वेळ वर होते. ते आले तेव्हा त्यांच्या कागदावर पंख नव्हते. फिकट उजेड होता, पाचर होती, आणि ती खालूनच शिरलेली होती. त्यांनी कागद माझ्याकडे न बघता ठेवला, पण ठेवला. एवढं मी त्यांच्या पदरात टाकते.

सगळ्यात शेवटी जजसाहेब गेले. कठडा धरत, एकेक पायरी चाचपत. परतले तेव्हा त्यांचा कागद कोरा होता.

"पेन्सिल हवी का?" दादानं विचारलं.

"पेन्सिल आहे. दिसलं नाही." ते खुर्चीत बसले. "दिवाळीपासून दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. त्या पुस्तकातलं मोठं चित्र भिंग लावून कसंबसं दिसतं, म्हणून तेच काढत होतो. माझ्याच घरात, माझ्याच नियमाखाली चार अवसा मी खोटी साक्ष दिली. माझ्यासमोर कोणी दिली असती तर मी त्याला तुरुंगात पाठवला असता."

परातीतल्या गाठियांना कोणी हात लावेना. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या डोळ्यांचं वाटलं, मी बोलले त्याचं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि मी दोन्ही सोसल्या.

प्रोफेसर हळू आवाजात म्हणाले, "साहेब, आपलं पान आपण सोडून देऊ. कोणाला कळायचंही कारण नाही."

"नाही." जजसाहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "बाई, याचीही नक्कल करायची. काळा कागद तसाच ठेवा. खाली लिहा, 'मला काही दिसले नाही.' सही मी करतो."

त्यांनी मला त्या दिवसापर्यंत कधी 'बाई' म्हटलं नव्हतं.

मी आठवडाभर शाळेतून आल्यावर पाची पानं केली. स्टेशनमास्तरांचे तीन तारे तीनच ठेवले. प्रोफेसरांचा उजेड त्यांनी काढला होता त्याहून कणभरही वाढवला नाही, कमीही केला नाही. जजसाहेबांकडे काळं पान घेऊन गेले, तेव्हा कुठे सही करायची ते दाखवायला मला त्यांचं बोट धरून जागेवर टेकवावं लागलं. सही मात्र एका दमात झाली, ठसठशीत.

पुस्तक बांधायला द्यायच्या आदल्या दिवशी प्रोफेसर आमच्या घरी आले. चहा घेतला, दादाची चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आले. सरकारांपुढे काळं पान ठेवणं म्हणजे अपमान. जजसाहेबांचंही हसं होईल, म्हातारा माणूस, त्यांना कळत नाहीये, आपण त्यांची लाज राखली पाहिजे. "तेवढं पान काढा," ते म्हणाले. "त्याच्या बदल्यात तुमचं चित्र पहिलं लावू. पहिल्याच पानावर एका बाईनं काढलेलं चित्र. महाराजांना ते आवडेल."

आवडलं असतंच. मलाही आवडलं असतं, खोटं कशाला बोलू. त्या एका क्षणात मी माझं पान पहिलं लागलेलं पाहूनही घेतलं.

"माझं काढायचं तर काढा," मी म्हटलं. "ते राहील."

"तुम्ही फार हट्टी आहात."

"हो."

दुसऱ्या दिवशी मी कोणाच्या हाती न देता पानं स्वतः बांधणाऱ्याकडे घेऊन गेले. त्याच्या छोट्या दुकानात सरसाचा वास कोंडला होता. त्यानं पानं चाळली आणि काळ्या पानावर थांबला. "बेन, आ पानुं तो कोरुं छे."

"कोरं नाही. खाली वाच."

त्यानं पान उजेडाकडे धरून ओळ वाचली, सही वाचली, मग माझ्याकडे बघितलं आणि सुईत दोरा ओवला. सगळी पानं एकावर एक लावताना त्यानं विचारलं, यातलं पहिलं कुठलं.

मी ते काळं पान उचलून त्याच्या हातात दिलं.